पहिल्या खेपेला न रुचलेले गाणे पुढे का आवडते?

एखादे नवे गाणे कानांवर पडते आणि "हे काय गाणे झाले!" असे म्हणून आपण ते बंद करतो. मग तेच गाणे शेजारच्या घरातून ऐकू येते, एसटी स्टँडवर ऐकू येते, लग्नाच्या मांडवात ऐकू येते. आठपंधरा दिवसांनी पाहावे, तो दप्तर भरता भरता आपण तेच गुणगुणत असतो! गाणे तर बदललेले नाही. त्याचे सूर, ताल, शब्द जसेच्या तसे आहेत. मग बदलले काय?

बदलला तो ऐकणारा. नेमके बोलायचे तर, त्या गाण्याविषयी ऐकणाऱ्याच्या मेंदूजवळ असलेली माहिती बदलली. हा बदल कसा घडतो, तो प्रयोगाने कसा तपासता येतो आणि त्यापासून आपण कोणती सावधगिरी शिकावी, हे या लेखात पाहू.

एक गीतसंग्रह

हळूहळू आवडू लागणाऱ्या संगीताचा अभ्यास करायला नेहमीचे चित्रपटगीत फारसे सोयीचे नाही. त्याची चाल बहुधा पहिल्या खेपेलाच मनात बसावी अशी बांधलेली असते. म्हणून आपण एक निराळे उदाहरण घेऊ.

१९९० मध्ये दिल्लीत असीम चक्रवर्ती आणि सुस्मित सेन यांनी 'इंडियन ओशन' नावाचा बँड स्थापन केला. असीम तबला वाजवता वाजवता गात असत आणि सुस्मित गिटार वाजवीत. पुढे राहुल राम आणि अमित किलम हे वादक त्यांना येऊन मिळाले. चित्रपटासाठी गाणी करणे हा त्यांचा मूळ उद्देश नव्हता. तबला, गिटार, ड्रम, लोकगीतांच्या चाली आणि रागदारीचे सूर एकत्र आणून काय घडते, हे ते पाहत होते. २००० मध्ये त्यांचा 'कंदीसा' हा गीतसंग्रह प्रसिद्ध झाला.

शिरपूरच्या वाचकांना या संग्रहात एक ओळखीचा धागा सापडेल. शिरपूरहून मुंबई-आग्रा महामार्गाने उत्तरेकडे निघा. सातपुड्याचा घाट चढून सेंधव्याला पोहोचा आणि तसेच पुढे जा. खलघाटला नर्मदा ओलांडावी लागते. नर्मदेचे दुसरे नाव रेवा. या संग्रहातील 'मा रेवा' हे गीत नर्मदाकाठच्या लोकगीतावर आधारलेले आहे. राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काम करीत होते आणि नर्मदाकाठचे हे गाणे त्यांच्यामार्फत बँडकडे आले. म्हणजे आपल्या शेजारच्या नदीचे गाणे दिल्लीला गेले आणि गिटार-ड्रमची साथ घेऊन परत आले.

ज्या गीतावरून संग्रहाला नाव मिळाले ते 'कंदीसा' मात्र आपल्या कानांना अगदी परके आहे. ते एक प्राचीन ख्रिस्ती स्तोत्र असून त्याची भाषा सिरियाक, म्हणजे अरामी भाषेचे एक रूप, ही आहे. केरळातील सिरियन ख्रिस्ती समाजात अशी स्तोत्रे पिढ्यान् पिढ्या गायिली जात आहेत. 'कंदीसा' या शब्दाचा अर्थ 'पवित्र'. शब्द कळत नाहीत, चाल सावकाश उलगडते आणि धृपदाची घाई नाही. अशी रचना पहिल्यांदा ऐकताना पुष्कळांना ती लांबलेली आणि एकसुरी वाटू शकते. तरीही ज्यांनी ती पुन्हा पुन्हा ऐकली, त्यांतील अनेकांना ती आवडू लागली. भाषा तर अजूनही कळलेली नव्हती. मग कळले ते काय?

मेंदू गाण्याच्या पुढे धावतो

आपण समजतो की ऐकणे म्हणजे कानांत पडेल ते घेणे. खरे तर मेंदू एवढा स्वस्थ बसलेला नसतो. ध्वनिलहरींनी कानाचा पडदा कंप पावतो. ती कंपने तीन चिमुकल्या हाडांवाटे आतल्या कानातील शंखाकृती नळीत पोहोचतात आणि तेथील केसल पेशी त्यांचे विद्युत्-संदेशांत रूपांतर करतात. हे संदेश मेंदूत पोहोचत असतानाच पुढचा सूर कोणता असेल, ठेका कोठे पडेल, याचा अंदाज मेंदू बांधीत असतो.

याचा पुरावा काय? फिनलंडमधील शास्त्रज्ञ रिस्टो न्याटानेन आणि त्यांचे सहकारी यांनी १९७८ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. डोक्यावर विद्युत्-अग्रे लावलेल्या माणसाला एकच एक आवाज सारखा ऐकवायचा आणि मध्येच एखादा थोडा वेगळा आवाज घालायचा. वेगळा आवाज आला की सेकंदाच्या सुमारे पाचव्या हिश्शात मेंदूच्या विद्युत्-लहरींत एक विशिष्ट खाच उमटते. ऐकणाऱ्याचे लक्ष दुसरीकडे असले तरी ती उमटते. अंदाज चुकल्याची ही जणू मेंदूने केलेली नोंदच होय.

आता अपरिचित गाण्याचा विचार करा. त्यात अंदाज बांधायला आधारच थोडा. ठेका कोठे पडणार ते ठाऊक नाही, चाल कोठे वळणार ते ठाऊक नाही. मेंदूचे अंदाज वारंवार चुकतात आणि गाणे 'विस्कळीत' वाटते. दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या खेपेला मात्र अंदाज जमू लागतात. ज्या जागी आधी गोंधळ होता, तेथे आता "आता ते वळण येणार" अशी वाट पाहणे सुरू होते.

या वाट पाहण्यातही आनंद असतो. कॅनडातील माँट्रियल येथे वॅलोरी सलीमपूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या संगीताने अंगावर शहारा येतो असे आपल्या आवडीचे संगीत लोकांनी निवडले आणि ते ऐकत असताना त्यांच्या मेंदूची तपासणी झाली. आनंदाशी निगडित असलेले डोपामीन हे द्रव्य ऐन शहाऱ्याच्या क्षणी मेंदूच्या एका भागात स्रवले. परंतु त्याआधी, तो क्षण जवळ येत असतानाही, ते दुसऱ्या एका भागात स्रवले होते. जे गाणे ठाऊकच नाही, त्यातील ठरावीक वळणाची वाट पाहता येत नाही. पहिल्या ऐकण्यात हा अर्धा आनंद मिळत नाही, तो त्यामुळेच.

परिचयाने आवड वाढते

'अतिपरिचयात् अवज्ञा' हे वचन तुम्ही ऐकले असेल. प्रयोगशाळेत मात्र पुष्कळदा याच्या उलट आढळते. १९०३ मध्ये मॅक्स मेयर यांनी आपल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना त्यांच्या कानांना परके असलेले पौर्वात्य वळणाचे संगीत १२ ते १५ वेळा ऐकवले. बहुतेकांनी नोंदवले की ते हळूहळू अधिक बरे वाटू लागले.

याच गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी अर्थहीन शब्द, चिनी अक्षरांसारखी चिन्हे आणि अनोळखी माणसांची छायाचित्रे घेतली. काही अजिबात दाखवली नाहीत, तर काही १, २, ५, १० आणि २५ वेळा दाखवली. जी गोष्ट जास्त वेळा समोर आली, तिला सर्वसाधारणपणे अधिक पसंती मिळाली. तिच्याविषयी कोणी चांगले सांगितले नव्हते की बक्षीस दिले नव्हते. नुसता परिचय पुरला!

पुढे १९८० मध्ये झायन्स यांनी विल्यम कुन्स्ट-विल्सन यांच्यासह आणखी चकित करणारा प्रयोग मांडला. काही वेड्यावाकड्या अष्टकोनी आकृती प्रत्येकी ५ वेळा, पण दर वेळी केवळ १ मिलिसेकंद, दाखवल्या. नंतर जोड्या समोर ठेवून विचारले, "यांतील कोणती आधी पाहिली होती?" उत्तरे नाणेफेकीइतकीच बरोबर आली. "कोणती आवडते?" असे विचारल्यावर मात्र सुमारे ६० टक्के वेळा आधी दाखवलेलीच आकृती निवडली गेली. म्हणजे ओळख पटली नाही तरी पसंती जडली!

संगीतात तर पुनरावृत्ती हा रचनेचाच भाग असतो. भजनाचे पालुपद आठवा. एलिझाबेथ मार्गुलिस यांनी आधुनिक पाश्चात्त्य संगीतकारांच्या, मुद्दाम पुनरावृत्ती टाळलेल्या रचना घेतल्या आणि त्यांतील तुकडे कापून दुसऱ्यांदा जोडले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ऐकणाऱ्यांनी मूळ रचनेपेक्षा ही जोडकामे अधिक रंजक ठरवली.

मग कंटाळा का येतो?

येथे चौकस विद्यार्थी विचारील, "परिचयाने आवड वाढते, तर एखादे गाजलेले गाणे महिन्याभरात नकोसे का होते?" प्रश्न अगदी रास्त आहे.

याचे एक उत्तर डॅनियल बर्लाइन यांनी १९७० च्या सुमारास दिले. फार नवी गोष्ट गोंधळात टाकते. फार जुनी झालेली गोष्ट काहीच नवे सांगत नाही. आवड या दोहोंच्या मध्ये सर्वाधिक असते. आलेखकागदावर आडव्या अक्षावर 'ऐकण्याची संख्या' आणि उभ्या अक्षावर 'आवड' घेतली, तर रेषा आधी चढते, माथ्यावर पोहोचते आणि मग उतरते. उलट्या ठेवलेल्या वाटीसारखा हा आकार आहे.

माथा कधी येईल, हे बरेचसे रचनेच्या गुंतागुंतीवर अवलंबून असते. साधी, सोपी चाल चार खेपांतच पाठ होते. तिचा माथा लवकर येतो आणि उतारही लवकर लागतो. गुंतागुंतीची रचना सुरुवातीला चढणच देते, पण दर खेपेला तिच्यात काही शिल्लक राहते. पहिल्यांदा केवळ गाणाऱ्याचा आवाज ऐकू येतो, तिसऱ्यांदा त्यामागचा तबला, सहाव्यांदा तबल्याशी बोलणारी खालच्या पट्टीतील गिटार. ज्याला आपण 'हळूहळू आवडत गेलेले गाणे' म्हणतो, ते बहुधा या दुसऱ्या जातीचे असते.

आपले कान कोणी घडवले?

परके संगीत मुळातच कानाला वाईट लागते काय? आता हा प्रश्न तपासू. टाळीने मोजा: एक-दोन-तीन, एक-दोन, एक-दोन. हा झाला ७ मात्रांचा रूपक ताल. झपतालाच्या १० मात्रा २-३-२-३ अशा विभागलेल्या असतात. आपल्याकडे असे विषम विभागांचे ताल सर्रास वाजतात. बल्गेरिया-मॅसिडोनियाकडच्या लोकसंगीतातही ते आढळतात. अमेरिकेत वाढलेल्या पुष्कळ माणसांना मात्र ते चटकन पकडता येत नाहीत.

एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब या संशोधिकांनी २००५ मध्ये याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. उत्तर अमेरिकेतील प्रौढांना साध्या तालातील बिघाड ओळखता आला, विषम तालातील आला नाही. सहा महिन्यांच्या बालकांना दोन्ही ओळखता आले! बारा महिन्यांची बालके प्रौढांसारखीच वागू लागली. परंतु त्यांना घरी दोन आठवडे परके संगीत ऐकवताच त्यांची ती शक्ती परत आली. प्रौढांना तेवढ्याच ऐकण्याचा तसा उपयोग झाला नाही. यावरून दिसते की कान जन्मतः फार मोकळे असतात आणि भोवतालचे संगीत त्यांना वळण लावते. मोठेपणी नवे वळण लागायला जास्त वेळ द्यावा लागतो, एवढेच.

ही गोष्ट आपल्या गावात, आपल्या वर्गात लागू करून पाहा. खानदेशात आखाजीला झोक्यावर अहिराणी गाणी गायिली जातात. श्रावणात कानबाईच्या रात्री गाणी रंगतात. शिरपूर तालुक्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या कुशीतील गावांत, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात पावरा बांधवांचे भले मोठे ढोल घुमतात आणि बासरी वाजते. ज्या मुलाच्या कानांवर हे लहानपणापासून पडले, त्याला त्यात ठेका, वळणे, गंमत सारे ऐकू येते. ज्याने ते कधी ऐकलेच नाही तो म्हणतो, "सगळे एकसारखेच तर आहे!" हे 'एकसारखे' गाण्यात नसते. न सरावलेल्या कानांना फरक ऐकू येत नसतात. एखाद्या वर्गमित्राच्या घरचे गाणे ऐकून हसू आले, तर त्या हसण्यातून गाण्याविषयी काही कळत नाही. आपले कान कोठवर फिरून आले आहेत, एवढेच कळते.

सवयीची दुसरी बाजू

मात्र येथे थांबलो तर अर्धेच विज्ञान हाती लागेल. झायन्स यांच्या प्रयोगातील अर्थहीन शब्दांत काही गुण नव्हता, तरीही ते आवडू लागले. पुनरावृत्ती चांगल्यावरही काम करते आणि निरर्थकावरही. जाहिरातदार हे चांगले जाणतात. एकच धून, एकच नाव दिवसातून दहा वेळा कानांवर आदळते. काही दिवसांनी दुकानात तेच नाव तोंडी येते.

याहून गंभीर गोष्ट खरेखोटेपणाची. १९७७ मध्ये लिन हॅशर, डेव्हिड गोल्डस्टीन आणि थॉमस टॉपिनो यांनी विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा काही विधाने वाचायला सांगून ती कितपत खरी वाटतात हे विचारले. काही विधाने प्रत्येक वेळी पुन्हा येत होती. खरी असोत वा खोटी, पुन्हा पुन्हा आलेली विधाने दर खेपेला अधिक खरी वाटू लागली. अफवा कशी पसरते, हे यावरून ध्यानात येईल. ती दहा तोंडांनी ऐकली म्हणजे तिला दहा पुरावे मिळाले असे नव्हे.

तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिल्या खेपेची नावड हा निकाल नव्हे. आणि दहाव्या खेपेची आवड हेही प्रमाणपत्र नव्हे. मग पारख कशी करावी? एक सोपी कसोटी आहे. प्रत्येक वेळी ऐकल्यावर स्वतःला विचारा, "या खेपेला मला नवे काय ऐकू आले?" उत्तर देता आले, तर रचनेने काही दिले. उत्तर एकही नसेल आणि तरी ओठांवर तीच ओळ रुळत असेल, तर ती केवळ सवय असण्याचा संभव अधिक. विधानाच्या बाबतीत प्रश्न निराळा हवा: "हे किती वेळा ऐकले?" हे सोडून द्या, "हे कशावरून?" हे विचारा.

वर्गात करून पाहा

प्रयोग पहिला. मोबाइलवर कोणाचे तरी साधे बोलणे, त्या व्यक्तीची परवानगी घेऊन, ध्वनिमुद्रित करा. त्यातील चार-पाच शब्दांचा तुकडा वेगळा काढून न थांबता दहा वेळा वाजवा. नंतर मूळचे पूर्ण बोलणे ऐका. त्या तुकड्याच्या जागी माणूस एकाएकी गाऊ लागल्यासारखे पुष्कळांना वाटते! अमेरिकेतील डायना डॉइच यांना १९९५ मध्ये आपल्याच आवाजाचे मुद्रण तपासताना हा चमत्कार आढळला. सगळ्याच वाक्यांनी तो साधत नाही. म्हणून निरनिराळी वाक्ये घेऊन पाहा आणि कोणत्या वाक्यांनी साधतो याची नोंद ठेवा.

प्रयोग दुसरा. वर्गातील कोणीही न ऐकलेले, प्रत्येकी एक मिनिटाचे तीन संगीताचे तुकडे निवडा. त्यांना क, ख आणि ग म्हणा. ३० विद्यार्थ्यांचे १० जणांचे तीन गट करा.

पहिला गट: क १ वेळा, ख ५ वेळा, ग १० वेळा.
दुसरा गट: ख १ वेळा, ग ५ वेळा, क १० वेळा.
तिसरा गट: ग १ वेळा, क ५ वेळा, ख १० वेळा.

हे ऐकणे पाच दिवसांत वाटून घ्या. आवाज बेताचा ठेवा आणि या काळात तुकड्यांविषयी आपसांत बोलू नका. सहाव्या दिवशी सर्वांना तिन्ही तुकडे एकेकदा ऐकवा. प्रत्येकाने १ (मुळीच आवडले नाही) ते ७ (फार आवडले) असा गुण शेजाऱ्याला न दाखवता लिहावा. मग १ वेळा, ५ वेळा आणि १० वेळा ऐकलेल्या तुकड्यांच्या गुणांची वेगवेगळी सरासरी काढा आणि आलेख काढा.

तीन गट कशासाठी, असे वाटेल. सर्वांनीच ग हा तुकडा दहा वेळा ऐकला आणि तोच आवडला, तर तो दहादा ऐकल्यामुळे आवडला की मुळातच गोड होता, हे सांगता येणार नाही. प्रत्येक तुकडा एका गटाने एकदा, दुसऱ्याने पाचदा आणि तिसऱ्याने दहादा ऐकला म्हणजे तुकड्याचा गोडवा तिन्ही सरासऱ्यांत सारखाच मिसळतो. उरतो तो मुख्यतः ऐकण्याच्या संख्येचा परिणाम. शिक्षकांनी या मुद्द्यावर वर्गात अवश्य चर्चा घ्यावी. शेतात खताची चाचणी घेतानाही हेच तत्त्व वापरले जाते.

विचार करा

१. तुमच्या आलेखाची रेषा सतत चढली की मध्येच वळली? साधा तुकडा आणि गुंतागुंतीचा तुकडा यांच्या रेषा वेगवेगळ्या काढा.

२. दहा वेळा ऐकूनही ज्यांना तुकडा आवडला नाही, अशांची संख्या मोजा. सरासरी चढली तरी त्यांचे उत्तर चुकीचे ठरते काय?

३. गेल्या महिन्यात तुम्ही तीनपेक्षा अधिक वेळा ऐकलेले एक विधान निवडा. ते खरे आहे हे तुम्हाला कशावरून ठाऊक आहे?

४. तुमच्या घरी किंवा गल्लीत गायिले जाणारे, पण वर्गातील इतरांनी न ऐकलेले एक गाणे आणा. वर्गाला ते पाच दिवस ऐकवा. पहिल्या आणि पाचव्या दिवशी "यात काय काय ऐकू आले?" याची प्रत्येकाने यादी करावी. दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून वाचा.